घरबसल्या बुक्का

आषाढीच्या आदल्या दिवशी आमच्या घरात सगळ्यांच्या कपाळाला बुक्का लागला. पंढरपूरला कोणीच गेलं नव्हतं. पंढरपूर राहू द्या, रुळांवर पाणी असल्यामुळे त्या दिवशी डोंबिवलीहून ठाण्यापर्यंतही कोणी गेलं नव्हतं. मी फक्त सोसायटीची एक नोटीस छापायला बसलो होतो.

नोटीस गळतीची होती. ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, गच्चीवरील गळतीसंदर्भात’ इथपर्यंत मजकूर नीट आला. पुढे काळा पट्टा. पट्ट्याखाली ठिपक्यांची रांगोळी, रांगोळीखाली पुन्हा पट्टा. कागद उचलला तर त्याच्यावरून काळी भुकटी घरंगळत टेबलावर, टेबलावरून माझ्या मांडीवर आणि तिथून फरशीवर उतरली. अशा वेळी मला घाम फुटतो. तो मी त्याच हाताने पुसला. माझं कपाळ बघून नातीला वाटलं, आजोबांनी घरच्या घरी वारी काढलीय. तिने प्रिंटरच्या पोटात बोट घालून आधी स्वतःला लावलं, मग आईला, मग स्वयंपाकघरात जाऊन आजीला. “काय लावलंस गं?” म्हणत आजीने कपाळ चाचपलं आणि तोच हात पुन्हा कणकेत घातला. ती कणीक कावळ्यालाही घातली गेली नाही, यावरून पुढच्या संवादाची कल्पना यावी.

माझ्या घरी प्रिंटर का आहे, असं कोणी विचारेल. मी सेक्रेटरी आहे म्हणून नाही. माझ्या घरी प्रिंटर आहे म्हणून मी सेक्रेटरी आहे. वार्षिक सभेत चेअरमननी “प्रिंटर कोणाकडे आहे?” असं विचारलं, मी भाबडेपणाने हात वर केला आणि टाळ्या पडल्या. तेव्हापासून पाण्याच्या टाकीची सफाई, लिफ्टची दुरुस्ती, मेंटेनन्सची थकबाकी आणि कुत्र्यांनी जिन्यात काय करू नये, हे सगळं माझ्या खोलीतून छापून निघतं.

आता एवढं छापायचं तर पावडर संपणार. नव्या कार्ट्रिजची किंमत विचारली तेव्हा दुकानदार शांतपणे म्हणाला, “काका, त्यापेक्षा थोडे घाला आणि नवा प्रिंटरच न्या.” हे अर्थशास्त्र बँकेत छत्तीस वर्षं काढूनही मला समजलेलं नाही. मग त्यानेच रिफिलचा रस्ता दाखवला. आमच्या पिढीला हा रस्ता दाखवावा लागत नाही. लहानपणी दारात कल्हईवाला यायचा. भाता, कोळसे, नवसागराचा तो नाकात जाणारा धूर, आणि पाच मिनिटांत काळवंडलेल्या पातेल्याचं चांदीचं पातेलं. पातेलं तेच, फक्त आतून नवं. कार्ट्रिजलाही कल्हई असते म्हटल्यावर मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं.

फरक एवढाच, की पातेलं हे पातेलंच असतं. कार्ट्रिज म्हणजे पावडरीचा डबा नव्हे, ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

घरपोच रिफिल करणारा मुलगा आला. पाठीवर सॅक, कानात गाणी. त्याने कालचा पेपर मागितला, फरशीवर पसरला, स्क्रूड्रायव्हरने कार्ट्रिजची एक बाजू उचकटली आणि रंगाच्या जुन्या ब्रशने आत झाडलं. बाटलीवर ‘युनिव्हर्सल’ एवढाच शब्द होता. कागदाचं नरसाळं करून त्याने ती अख्खी आत ओतली. “थोडी जास्तच टाकलीय काका, तुम्ही नेहमीचे,” असं पहिल्याच भेटीत म्हणाला. मग एक सणसणीत फुंकर मारली, बूच नीट बसेना म्हणून त्यावर सेलोटेप लावली आणि तीनशे रुपये घेऊन गेला. पहिल्या वेळी अक्षरं पेपरात यावीत तशी आली. दुसऱ्या भरणीनंतर कागदाला राखाडी झाक आली. तिला मी कागदाची प्रत समजून स्टेशनरीवाल्याला दोष दिला. तिसऱ्या भरणीनंतर बुक्का.

त्या बुक्क्याचं निवारण करताना मी ज्या चुका केल्या, त्या क्रमाने सांगतो. लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

पहिली चूक शर्टाची. पांढरा होता. काळा डाग म्हटलं की गरम पाणी, हे मी कोणाला न विचारता ठरवलं. बादलीत कढत पाणी, साबणाचा चुरा, खसाखसा चोळणं. डाग थोडा फिकट आणि पुष्कळ मोठा झाला. वाळल्यावर वर इस्त्री फिरवली, आणि तिथे विषय संपला. ही पावडर, म्हणजे टोनर, शाई नव्हे, काजळीही नव्हे. ते मुळात प्लॅस्टिकचं पीठ. रंगासाठी त्यात कार्बन किंवा लोहाची काळी भुकटी आणि थोडं मेण घातलेलं. प्रिंटरमध्ये कागद बाहेर पडण्याआधी एक तापलेला आणि एक दाबणारा अशा दोन रुळांमधून जातो. तिथे दोनशे अंशांच्या आसपास उष्णता असते आणि हे पीठ वितळून कागदाच्या धाग्यांत मुरतं. म्हणजे मी शर्टाला आधी पाण्यात मऊ करून पावडर चिकटवली आणि मग इस्त्रीने ती पक्की छापली. कंपनीनेही यापेक्षा काही वेगळं केलं नसतं. टोनर सांडला तर कपडा बाहेर नेऊन झटकायचा, कोरड्या फडक्याने हलकेच टिपायचा आणि मग गार पाण्याने धुवायचा. ही गोष्ट घरातल्या एका व्यक्तीने तेव्हाच सुचवली होती. “आधी झटका तरी,” असे तिचे शब्द होते. ती व्यक्ती आता तो शर्ट फरशी पुसायला वापरते आणि पाहुण्यांना दाखवते.

दुसरी चूक तिसऱ्या मजल्यावरच्या खजिनदारांची, पण घर माझं. ते मोठ्या उमेदीने आपला व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आले. टोनरचा कण साधारण पाच ते दहा मायक्रॉनचा. माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड. घरगुती यंत्राची पिशवी खोबऱ्याचा कीस, केस, कागदाचे कपटे अडवते; हे पीठ ती अडवत नाही. पुढून ओढलेला बुक्का यंत्राने मागून, चांगल्या जोराने, पडद्यांवर आणि देवघरावर उधळला. विठ्ठल मुळातच काळा असल्यामुळे तिथे फरक कळला नाही. बाकीच्या देवांना अभिषेक झाला, गार पाण्याचा.

आषाढी पार पडल्यावर कोणीतरी स्टेशनजवळच्या एका ताईंचा पत्ता दिला. जिन्याखालचं दुकान, पलंगाएवढं. आत ताई तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालून बसलेल्या. मी कार्ट्रिज भाजीच्या पिशवीतून, कोथिंबिरीशेजारी उभं करून नेलं होतं. त्यांनी आधी पिशवीकडे बघितलं, मग कार्ट्रिजकडे, मग माझ्याकडे.

“काका, हे आधी कोणी केलं?”

दाताचा डॉक्टर, प्लंबर, शिंपी, इलेक्ट्रिशियन, सगळ्यांची सुरुवात याच वाक्याने होते. आधीच्या माणसाने चांगलं काम केलं होतं, असं म्हणणारा कारागीर मला या जन्मी भेटलेला नाही. मी त्या मुलाचं वर्णन केलं. ताई नुसत्या “हं” म्हणाल्या. त्या एका ‘हं’मध्ये मुलाचा धंदा, माझी अक्कल आणि कोथिंबीर या तिन्हींचा समाचार होता.

मी पुरावा म्हणून बिघडलेली नोटीस नेली होती. त्यांनी ती वाचली नाही, मोजली. पट्टी लावून दोन ठिपक्यांमधलं अंतर घेतलं. “साडेसात सेंटिमीटर. पुन्हा साडेसात. ड्रम गेलाय.” मला हा ज्योतिषाचा प्रकार वाटला, पण तो सातवीच्या भूमितीचा होता. माझं कार्ट्रिज बाजारात नुसतं ‘बारा-ए’ म्हटलं की कळतं, त्या घराण्यातलं. त्याच्या ड्रमचा व्यास २४ मिलिमीटर. त्याला पायने गुणा, पंचाहत्तर मिलिमीटर येतात. ड्रमवर एक ओरखडा असला तर तो दर फेरीला कागदावर एकदा सही करतो, म्हणजे ए-४ कागदावर जवळजवळ चारदा. शाळा सोडल्यानंतर पाय हा आकडा माझ्या उपयोगी पडल्याची ही पहिली वेळ.

मग त्यांनी पिना काढून कार्ट्रिजचे दोन भाग वेगळे केले, आणि आत मला अर्धा प्रिंटर दिसला. एका भागात पावडरीची कोठी, तिच्या तोंडाशी चुंबकाचा रोलर आणि पावडर किती जाड थराने बाहेर पडावी हे ठरवणारं एक ब्लेड. ताईंनी टेबलाखालून चुंबक फिरवला तसं वरचं सांडलेलं पीठ काटेरी होऊन उभं राहिलं आणि चुंबकामागे चालू लागलं. दुसऱ्या भागात तो हिरवट निळा चकचकीत ड्रम, त्याच्यावर विजेचा भार चढवणारा रबरी रोलर, आणि ड्रमला घासून बसलेली एक मऊ पट्टी, वायपर ब्लेड.

हा सगळा संसार एका डबीत कोंबून, संपला की टाकून द्यायचा, ही युक्ती कॅननने १९८२ साली छोट्या कॉपियरसाठी बाजारात आणली. त्याच कंपनीच्या यंत्रणेवर एचपीने १९८४ साली आपला पहिला लेझरजेट काढला. बिघडण्यासारखं जे जे आहे ते डबीत, डबी कचऱ्यात, दुरुस्तीला माणूस बोलवायची गरज नाही. कल्पना हुशारीची आहे. फक्त ‘टाकून द्यायचा’ हे शब्द डोंबिवलीत पोहोचेपर्यंत वाटेत कुठेतरी गळून पडले.

याच्याही आधीची गोष्ट मला त्याहून आवडली. चेस्टर कार्लसन नावाचा, पेटंटच्या कागदांच्या नकला करून करून वैतागलेला माणूस. न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागातल्या एका भाड्याच्या खोलीत, २२ ऑक्टोबर १९३८ रोजी, त्याने मदतनिसाच्या साथीने गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासला, काचेवर लिहिलेली तारीख आणि जागेचं नाव त्याच्यावर ठेवून उजेड पाडला आणि वरून पावडर भुरभुरवली. अक्षरं उमटली. ती त्याने मेणकागदावर उचलून, गरम करून पक्की केली. वीस-बावीस कंपन्यांनी त्याला परत पाठवलं. त्या शोधावरचं झेरॉक्सचं ९१४ हे यंत्र १९५९ साली आलं. ते इतकं तापायचं की कधीकधी कागद आतच पेट घ्यायचा, म्हणून सोबत एक छोटं अग्निशामक नळकांडं देत, आणि त्याला ‘स्कॉर्च एलिमिनेटर’ असं गोंडस नाव होतं. हे वाचल्यावर माझ्या घरातल्या प्रकरणाबद्दल मला जरा बरं वाटलं. आमच्याकडे निदान आग लागली नव्हती. लागली ती संसारात.

पण गळती का झाली? माझी समजूत अशी, की जास्त भरली म्हणून सांडली. ताई म्हणाल्या, “भरली म्हणून नाही काका, काढली नाही म्हणून.” आणि ड्रमच्या मागचा कप्पा उघडून त्यांनी पेपरवर उलटा केला. काळ्या पिठाचा ढीग पडला. त्यात कागदाचे तंतू होते, धूळ होती, एक मेलेली मुंगी होती.

गंमत अशी आहे. ड्रमवर चिकटलेली सगळीच पावडर कागदावर जात नाही. थोडी मागे राहते. लग्नातल्या पंगतीसारखंच ते. वाढलेलं सगळं पोटात जात नाही. ती उष्टी पावडर वायपर ब्लेड खरवडून मागच्या कप्प्यात लोटतं. कप्पा एका कार्ट्रिजच्या एका आयुष्यापुरता केलेला. नवं कार्ट्रिज दोन हजार पानं चालतं, कप्पाही तेवढ्याचा धनी. आम्ही त्याच्यावर तीन पंगती उठवल्या आणि पत्रावळी एकदाही उचलल्या नाहीत. कप्पा तुडुंब भरला, की नवं उष्टं जाणार कुठे? ते ब्लेडच्या फटीतून, टोकांवरून, पुन्हा ड्रमवर, ड्रमवरून कागदावर आणि कागदावरून माझ्या कपाळावर. काही महाभाग तर हेच उष्टं चाळून पुन्हा कोठीत वाढतात, असं ताईंनी सांगितलं. त्यातली कागदाची कुसळं ड्रमला चरे पाडतात. ते ऐकताना मला दोन-तीन केटरर्स आठवले.

‘काढली नाही म्हणून’ या एका गोष्टीवर मी घरी येताना बराच विचार केला. आमच्या माळ्यावर काय काय आहे, तेही आठवलं. मग तो विचार मी तिथेच सोडून दिला, कारण माळा साफ करायचं काम माझ्याच अंगावर आलं असतं.

पण ते नंतर; दुकानात बाकीची कारणं ताईंनी भराभर दाखवली. वायपर ब्लेडची कड तीन भरण्यांत झिजून दातेरी झालेली. चुंबकी रोलरच्या दोन्ही टोकांना नमद्याच्या गाद्या असतात, पावडर कडेने निसटू नये म्हणून. त्या चिकट होऊन चपट्या झालेल्या. रोलरला लागून कागदाहून पातळ अशी प्लॅस्टिकची झालर असते, ती त्या मुलाच्या स्क्रूड्रायव्हरने दुमडलेली. दुमडलेली झालर म्हणजे उघडं गटार. बुचावर सेलोटेप. दोन भाग जोडणारी एक पिन गायब, त्यामुळे एक बाजू सैल. आणि ती ‘युनिव्हर्सल’ पावडर! प्रत्येक यंत्राला पावडरीचा कण किती मोठा, किती लवकर वितळणारा आणि किती भार धरणारा हवा, हे ठरलेलं असतं. चुकीची पावडर भार नीट धरत नाही. जी धरत नाही ती रोलरवर टिकत नाही, नुसती उधळते. त्यात जुनी उरलेली वेगळी आणि वरून ओतलेली वेगळी. “दोन जातीची पिठं एकत्र मळल्यावर भाकरी थापली जाईल का?” असं ताईंनी विचारलं. बाजरीत थोडी ज्वारी घातलेली चालते, हे मला माहीत होतं, पण ती वेळ बोलण्याची नव्हती.

मग त्यांनी काम केलं. आणि काम बघत बसणं हे सेवानिवृत्त माणसाचं हक्काचं सुख असल्यामुळे मी स्टुलावरून हललो नाही. दोन्ही कप्पे रिकामे, ब्रशने आणि टोनरसाठी मिळणाऱ्या वेगळ्या व्हॅक्यूमने कोपऱ्यांसकट साफ. तोंडाने फुंकर नाही, एकदाही नाही. नवा ड्रम, नवं वायपर ब्लेड, नव्या गाद्या. ब्लेडच्या कडेला आणि ड्रमला बारीक पावडरीचा हलका हात. का, तर नवी कोरडी रबरी कड नव्या ड्रमला धरून ठेवते, ड्रम फिरला की उलटी दुमडते, आणि मग नवं कोरं कार्ट्रिज पहिल्याच पानाला गळतं. पोळपाटाला पिठी लावतात त्यातलाच प्रकार. मग ड्रम हाताने चार फेरे फिरवला, सरळ दिशेनेच. तेवढा वेळही त्यावर काळं फडकं होतं. या ड्रमला उजेडाची दृष्ट लागते, अक्षरशः. उन्हात थोडा वेळ ठेवला तरी छपाई बिघडते. आमच्याकडे तो मुलगा ड्रम काढून खिडकीत ठेवायचा, हवा लागावी म्हणून.

पावडर काट्यावर तोलून शंभर ग्रॅम. मी सवयीने म्हणालो, “थोडी जास्त टाका, आम्ही नेहमीचे.” ताईंनी मास्क खाली केला आणि सांगितलं, की ठासून भरलेल्या कोठीत पावडर हलत नाही, दाबाने टोकांच्या गाद्यांतून वाट काढते. “पोटभर आणि गळ्यापर्यंत यात फरक आहे ना काका?” बूच दाबून बसवलं. पिना दोन्ही. शेवटी पांढऱ्या कागदावर कार्ट्रिज आडवं धरून हलकेच टिचक्या मारल्या. कागद पांढराच राहिला. दुकानातल्या प्रिंटरवर पाच-सहा पानं काढली, तीही पांढरी-काळी जिथल्या तिथे. पैसे त्या मुलाच्या तिप्पट झाले. तरी नव्या कार्ट्रिजपेक्षा बरेच कमी, हे मी घरी दोनदा सांगितलं.

नेताना आडवं न्या, उभं नको, काळ्या पिशवीत, आणि स्कूटरच्या पायाशी खड्ड्यांतून नको, अशी पथ्यं मिळाली. छपाई फिकी व्हायला लागली की डावीकडून उजवीकडे पाळण्यासारखं चार-पाचदा झुलवायचं. लिंबूसरबताच्या बाटलीसारखं घुसळायचं नाही. दुसऱ्या भरणीच्या वेळी ब्लेड आणि ड्रम बघून घ्यायचे. मी हे सगळं नोटिशीच्याच मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं. त्यामुळे सभासदांना गच्चीच्या गळतीची सूचना आणखी एक दिवस उशिरा मिळाली.

मिळाली मात्र स्वच्छ, एका ठिपक्याशिवाय. लिफ्टमध्ये लावली तेव्हा चेअरमन म्हणाले, “आता बघा, वाचता तरी येतंय.” पुढच्या रविवारी वॉटरप्रूफिंगचा कंत्राटदार आला. आम्ही सगळी कमिटी छत्र्या घेऊन गच्चीवर गेलो. गच्चीवर डांबराचे थरावर थर चढलेले, दर पावसाळ्याला एक. त्याने बुटाच्या टोकाने एक पापुद्रा उचकटला, खालचं पाणी बघितलं आणि मान हलवली.

“हे आधी कोणी केलं?”

मी पुढे झालो. “ते जाऊ दे. तू आधीचं सगळं खरवडून काढणार आहेस, की त्याच्यावरच ओतणार?”

त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. “काका, तुम्ही या लाइनीत होता का?”

“नाही,” मी म्हणालो, “टोनरमध्ये.”